बिडाची भांडी : निवड आणि निगा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये बिडाच्या, म्हणजेच ओतीव लोखंडाच्या, भांड्यांविषयीचे प्रश्न सातत्याने येत आहेत. कोणाच्या नॉनस्टिक तव्याचा थर निघू लागला आहे, कोणाला डॉक्टरांनी रक्तातील लोह कमी असल्याचे सांगितले आहे, तर कोणाला माळ्यावर आजीच्या वेळची कढई सापडली आहे. प्रत्येक पत्राला स्वतंत्र उत्तर देणे शक्य नसल्यामुळे त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : दुकानात लोखंडी तवा मागितला असता पत्र्याचा आणि बिडाचा असे दोन प्रकार दाखवण्यात आले. आमच्या घरी रोज पोळ्या आणि ज्वारीची भाकरी होते, आठवड्यातून एकदोनदा थालीपीठ किंवा धिरडी होतात. कोणता तवा घ्यावा आणि तो पारखून कसा घ्यावा? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : आपल्या घरी जे पदार्थ होतात ते पाहता दोन्ही तवे ठेवावेत, असे आमचे मत आहे. पोळी आणि भाकरीसाठी पत्र्याचा तवा अधिक सोयीचा असतो. तो लवकर तापतो, आच कमीजास्त केली की लगेच प्रतिसाद देतो आणि एका हाताने सहज उचलता येतो. थालीपीठ, धिरडे, आंबोळी, घावन, डोसा यांसाठी मात्र बिडाच्या तव्याला तोड नाही. मात्र त्या तव्यावर पोळ्या करू नयेत. पोळीचा तवा कोरडाच बराच वेळ कडक तापत राहतो आणि त्या उष्णतेने बिडाच्या तव्यावर बसलेला तेलाचा थर जळून जातो. कोकणात आणि दक्षिणेत आंबोळीचा किंवा डोशाचा तवा पोळीसाठी वापरू देत नाहीत, त्यामागचे कारण हेच आहे.

बिडामध्ये लोखंडाबरोबर साधारणपणे दोन ते चार टक्के कार्बन आणि एक ते तीन टक्के सिलिकॉन असते. कार्बनच्या या प्रमाणामुळे ते शुद्ध लोखंडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, म्हणजे सुमारे ११५० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळते आणि वाळूच्या साच्यात सहज ओतता येते. त्याच कार्बनमुळे ते ठिसूळही होते. पत्र्याचा तवा हातातून पडला तर वाकतो, बिडाचा पडला तर फुटू शकतो. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत बीड फारसे चपळ नसते, ॲल्युमिनियमच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता चौथ्या हिश्शाच्या आसपास भरते. परंतु जाडी आणि वजन यांमुळे ते पुष्कळ उष्णता साठवून ठेवते, आणि म्हणूनच थंड पीठ तव्यावर पडले तरी तवा एकदम गार होत नाही. थालीपिठाला खालून जी खरपूस, एकसारखी तांबूस साल येते ती या साठलेल्या उष्णतेमुळे येते.

पारख करताना प्रथम वजन पाहावे. २५ सेंटीमीटर व्यासाचा आणि चार ते पाच मिलिमीटर जाडीचा सपाट बिडाचा तवा मुठीशिवाय साधारण १.४ ते १.८ किलो भरतो. याहून फारच हलका असेल तर तो पत्र्याचा असण्याची किंवा अतिशय पातळ ओतलेला असण्याची शक्यता आहे. लोहचुंबक दोन्हींना चिकटतो, त्यामुळे त्याने काही कळत नाही. दुसरे म्हणजे तवा मुठीला धरून अधांतरी ठेवावा आणि बोटाच्या पेराने किंवा लाकडी पळीने हलकेच वाजवावा. चांगल्या ओतीव भांड्याचा नाद स्वच्छ आणि काही क्षण टिकणारा येतो, तडा असेल तर आवाज बद्द येतो. तव्याचा पृष्ठभाग किंचित दाणेदार असणे हा दोष नव्हे, कारण वाळूच्या साच्याची ती खूण असते आणि वापराने ती बरीच बुजते. खड्डे, बुडबुड्यांची छिद्रे आणि उंचवटे मात्र स्वीकारू नयेत, कारण पीठ तेथेच धरते. तवा सपाट फरशीवर ठेवून डगमगतो का, तेही पाहावे. मूठ तव्यासोबत एकसंध ओतलेली असल्यास उत्तम, कारण रिबेट मारलेली मूठ कालांतराने सैल होते आणि सांध्यात खरकटे साठते.

दुकानदाराला आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : तव्यावरचा काळेपणा कशाचा आहे? काही उत्पादक खाण्याचे तेल लावून आणि भाजून भांडे तयार करून देतात. काही भांड्यांना केवळ गंज लागू नये म्हणून मेण किंवा काळा रंग फासलेला असतो आणि तो पूर्णपणे काढल्याशिवाय त्यात स्वयंपाक करू नये. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर रंग न दिलेले, राखाडी दिसणारे कोरे भांडे घेणे बरे. त्यासाठी थोडे श्रम पडतात, परंतु त्यावर काय लावले आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असते. महागड्या परदेशी भांड्यांच्या मागे लागण्याचेही कारण नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या भागांतील ओतकामाचा उद्योग देशभर परिचित आहे, आणि महाराष्ट्राला बीड ओतण्याची विद्या नवी नाही.

प्रश्न : नवा बिडाचा तवा आणून त्याला खोबरेल तेल लावले, दोन दिवस ठेवले आणि आंबोळ्या घातल्या. एकही आंबोळी अख्खी निघाली नाही, आणि तव्याला चिकटपणा आला तो वेगळाच. सासूबाई सांगतात की तांदळाची पेज भरून ठेवायला हवी होती. नेमके काय करावे? (एक वाचिका, मालवण)

उत्तर : आपला तवा मुळीच बिघडलेला नाही, तो अद्याप तयार झालेला नाही इतकेच. बिडाच्या तव्यावर जो काळा, गुळगुळीत थर हवा असतो तो नुसते तेल मुरून होत नाही. तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा तापला की तेलातील असंतृप्त मेदाम्लांचे रेणू हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने एकमेकांत गुंफले जातात आणि धातूला घट्ट धरून बसणारा कठीण थर तयार होतो. हल्ली ज्याला सर्रास सीझनिंग म्हणतात ती क्रिया हीच. खोबरेल तेलातील सुमारे नव्वद टक्के मेदाम्ले संतृप्त असल्यामुळे ते या रीतीने सहज वाळत नाही, आणि जाडसर लावल्यास चिकटा उरतो. रोजच्या आंबोळीसाठी तव्याला ते लावण्यास काहीच हरकत नाही, परंतु पहिला थर बसवण्यासाठी करडई, सूर्यफूल, सोयाबीन किंवा शेंगदाणा यांपैकी एखादे रिफाइंड तेल घ्यावे. जवसाचे तेल सर्वांत कठीण थर देते हे खरे असले तरी त्याचे पापुद्रे सुटल्याच्या तक्रारीही पुष्कळ असतात, त्यामुळे आम्ही ते सुचवत नाही.

आता कृती. तवा गरम पाणी, साबण आणि तारेची घासणी यांनी एकदा नीट घासून चिकटा काढून टाकावा. आचेवर ठेवून पूर्ण कोरडा करावा आणि हाताला सोसेल इतका निवू द्यावा. चमचाभर तेल पुढे, मागे, कडांना आणि मुठीलाही चोळावे, आणि त्यानंतर कोरड्या सुती फडक्याने ते असे पुसून काढावे की जणू तेल लावलेच नव्हते. येथेच बहुतेकांचा हात आखडतो, आणि चिकटपणाचे मूळही येथेच असते. पुसल्यानंतर जेवढे तेल उरते तेवढेच हवे असते. मग खिडक्या उघडून तवा मध्यम आचेवर ठेवावा, कडांनाही ताव लागावा म्हणून तो मधूनमधून सरकवावा, आणि हलका धूर येऊन ओसरेपर्यंत, म्हणजे दहा ते पंधरा मिनिटे, तापू द्यावा. निवल्यावर हेच आणखी तीन-चार वेळा करावे. ओव्हन असल्यास तवा पालथा घालून २०० ते २३० अंश सेल्सिअसला तासभर ठेवावा आणि आतच निवू द्यावा, थर अधिक एकसारखा बसतो. तव्याचा रंग राखाडीवरून तपकिरी आणि मग काळा होत जातो. तो पहिल्याच दिवशी कुळकुळीत काळा झाला नाही म्हणून निराश होऊ नये.

सासूबाईंच्या सांगण्यात तथ्य आहे, परंतु त्या पेजेचे काम वेगळे आहे. पेज किंवा तांदळाचे धुवण दोन-तीन दिवसांत आंबते आणि त्यातील सौम्य आम्लामुळे वरचा गंज, काजळी आणि ओतकामाची धूळ सुटून येते. म्हणजे ही सफाई झाली, त्यानंतर तेलाचे काम करावेच लागते.

तवा तयार झाल्यावर लगेच आंबोळी घालण्याची घाई करू नये. पातळ पिठातील स्टार्च कोवळ्या थराला फार लवकर धरतो. पहिले काही दिवस त्यावर सढळ तेलात थालीपिठे लावावीत, कांदा परतावा, बटाट्याचे काप करावेत. नंतर आंबोळीला सुरुवात करताना मंद ते मध्यम आचेवर तवा पाच मिनिटे तापवावा, पाण्याचे चार थेंब टाकून ते नाचत उडून जातात का ते पाहावे, आणि कांद्याची अर्धी फोड किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून तव्यावर फिरवावी. ही जुनी साधने केवळ हौसेची नाहीत. त्यांनी तेल अगदी पातळ आणि सर्वत्र लागते, आणि तापलेल्या तव्यावर प्लास्टिकच्या ब्रशासारखी ती वितळतही नाहीत. आंबोळीच्या कडा आपोआप सुटू लागेपर्यंत कालथा घालू नये. पहिली आंबोळी तेवढी बिनसली तर ती तव्याच्या तापमानाची चाचणी समजावी.

प्रश्न : बिडाच्या भांड्याला साबण अजिबात लावू नये असे सांगतात. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी तारेच्या घासणीने तवा पांढरा करतात. काय सांगावे त्यांना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : साबणाविषयीची भीती जुन्या काळच्या तीव्र, क्षारयुक्त साबणांमुळे रूढ झाली असावी. आजचा भांडी घासायचा सौम्य द्रव साबण थोडासा लावल्याने पक्का झालेला थर निघत नाही. थराला खरा अपाय तीन गोष्टींनी होतो : तारेची घासणी, रात्रभर पाण्यात भिजत पडणे आणि डिशवॉशर. मावशींना सर्व नियम समजावून सांगण्यापेक्षा हे एक भांडे घासायला टाकूच नये, हा आमच्या मते सर्वांत सोपा मार्ग आहे. जेवणे झाल्यावर कोमट तव्यावर थोडे पाणी घालून लाकडी उलथन्याने किंवा नारळाच्या काथ्याने खरकटे सोडवावे. फारच धरले असेल तर जाडे मीठ घालून फडक्याने चोळावे. धुऊन झाल्यावर आचेवर दोन मिनिटे ठेवून कोरडे करावे, कारण नुसते पुसल्याने बारीक छिद्रांतील ओल जात नाही. मग तेलाचा एक थेंब पसरून पुसून घ्यावा.

पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीवर, भांडी एकात एक घालून ठेवायची असल्यास मध्ये कागद किंवा सुती कापड घालावे आणि कढईवर झाकण बंद ठेवू नये. तव्याचा वापर महिनोन्महिने होणार नसेल तर वर तेलाचा जाड हात देऊन ठेवण्याचा मोह टाळावा. ते तेल खवट होते आणि त्याचा वास पुढच्या पदार्थाला लागतो.

प्रश्न : माळ्यावर आजीची बिडाची कढई सापडली, ती तांबड्या गंजाने पूर्ण भरली आहे. ती टाकून द्यावी का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मुळीच टाकू नये. प्रथम ती वाजवून आणि उजेडात धरून तडा नाही ना, हे पाहावे. तडा असेल तर ती स्वयंपाकातून बाद करावी, कारण आचेवर तडा वाढतो आणि गरम तेलासह कढई दुभंगण्याचा धोका असतो. तडा नसेल तर बाकी सर्व दुरुस्त होण्यासारखे आहे. तारेच्या घासणीने सुटा गंज काढावा. त्यानंतर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात कढई बुडवावी आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी घासून पाहावी. अर्ध्या तासाच्या पुढे शक्यतो जाऊ नये आणि रात्रभर तर मुळीच ठेवू नये, कारण गंज संपला की तेच आम्ल लोखंड खाऊ लागते. चिंचेच्या कोळाने हेच काम थोडे सावकाश होते. स्वच्छ धुऊन त्याच क्षणी आचेवर कोरडी करावी, अन्यथा डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस झाक येते. नंतर मालवणच्या वाचिकेला सांगितलेली तेलाची कृती करावी. आजीच्या कढईचे ओतकाम मूळचे चांगले असेल, तर ती आजच्या कोणत्याही नव्या कढईइतकीच कामाची होईल.

प्रश्न : येथे जुन्या वस्तूंच्या बाजारात ग्रिझवोल्ड कंपनीचा बिडाचा पॅन स्वस्तात मिळाला. तो आतून अगदी गुळगुळीत आहे. वापरावा का? आमची शेगडी काचेची आहे. (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : ग्रिझवोल्डची भांडी पेनसिल्व्हेनियातील ईरी येथे ओतली जात आणि तेथील कारखाना १९५७ मध्ये बंद झाला, म्हणजे आपला पॅन अस्सल असेल तर त्याचे वय पुष्कळ आहे. त्या काळी ओतलेल्या भांड्याचा आतील भाग घासून गुळगुळीत करीत असत, आणि त्यावर घावन सुरेख निघतील. एक खबरदारी मात्र आवश्यक आहे. अमेरिकेत मासेमारीची वजने आणि बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणारे लोक शिसे वितळवण्यासाठी असे जुने पॅन वापरीत असत. त्यामुळे पूर्वेतिहास माहीत नसलेल्या पॅनची शिशासाठी चाचणी करून घ्यावी आणि शिसे आढळल्यास तो कितीही देखणा असला तरी स्वयंपाकात आणू नये, कारण घासून किंवा भाजून त्याची खात्री देता येत नाही. काचेच्या शेगडीवर बीड चालते. भांडे ओढत न नेता उचलून ठेवावे, आणि आच एकदम पूर्ण न करता हळूहळू वाढवावी. इंडक्शन शेगडीविषयी विचारणाऱ्या वाचकांनाही हेच उत्तर लागू आहे. बीड चुंबकीय असल्यामुळे ते इंडक्शनवर उत्तम तापते, पण फक्त मधला भाग झपाट्याने तापून भांड्याला तडा जाऊ शकतो.

प्रश्न : माझे हिमोग्लोबिन ९ आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, पण त्यांनी पोट बिघडते. गोळ्या बंद करून सर्व स्वयंपाक लोखंडी कढईत केला तर चालेल का? वांग्याची भाजी त्यात काळी होते, ती खावी का? (एक वाचिका, लातूर)

उत्तर : गोळ्या बंद करू नयेत, हे सर्वप्रथम आणि आग्रहाने सांगावेसे वाटते. प्रौढ, गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजला जातो. ९ हा आकडा कढईवर सोपवण्यासारखा नाही. पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे, गोळीचा प्रकार, मात्रा किंवा वेळ बदलता येते. आपण एकट्या नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. इतक्या घरांत हा प्रश्न असताना कढईला औषध म्हणून विकणाऱ्या जाहिराती पाहिल्या की आम्हाला काळजी वाटते.

याचा अर्थ कढईचा उपयोग नाही, असा नव्हे. इथिओपियात लहान मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर लोखंडी भांड्यांतील अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन, ॲल्युमिनियमच्या भांड्यांतील अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा सरासरी १.३ ग्रॅमने अधिक वाढले होते. अन्नात लोह किती उतरेल हे मात्र पदार्थावर अवलंबून असते. पदार्थ जितका आंबट, जितका पातळ आणि जितका जास्त वेळ शिजणारा, तितके लोह अधिक उतरते. तव्यावरच्या पोळीतून ते नगण्य मिळते, आणि भांड्यावर तेलाचा थर जितका पक्का तितके ते कमी होते. म्हणून घरात दोन कढया असाव्यात, असे आम्ही सुचवतो : एक परतण्या-तळण्यासाठी थर सांभाळून वापरायची, आणि दुसरी पालेभाजी, टोमॅटोची भाजी, आंबट वरण यांसाठी, जिच्या थराची फारशी चिंता करायची नाही. शिजलेला पदार्थ लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा, नाहीतर त्याला धातूची चव येते. कोकमाचे सार किंवा चिंचेची आमटी तासन्‌तास उकळायची असेल तर स्टीलचे किंवा एनॅमलचा मुलामा दिलेले बिडाचे भांडे घ्यावे. जेवणात लिंबू, आवळा, कच्ची कोशिंबीर असावी, कारण क जीवनसत्त्वामुळे हे लोह शरीरात अधिक शोषले जाते, आणि जेवणाला लागून चहा घेणे टाळावे, कारण त्यामुळे शोषण घटते.

वांगे काळे पडते ते त्यातील पॉलिफेनॉल आणि लोह यांच्या संयोगाने. कलमकारीच्या कापडावर हिरडा आणि लोखंड यांपासून काळा रंग उठवतात, त्यामागची रासायनिक क्रिया याच जातीची आहे. कच्ची केळी आणि केळफूल यांच्याबाबतीतही तेच घडते. अशी भाजी खाण्यास अपायकारक नसते, परंतु त्या काळ्या संयुगातील लोह शरीराला फारसे मिळत नाही, त्यामुळे रंग काळा म्हणजे लोह भरपूर, असा हिशेब करू नये.

शेवटी एक गोष्ट, जी याच विषयावर लिहिणाऱ्या इतर वाचकांसाठीही महत्त्वाची आहे. थॅलेसेमिया मेजर या आनुवंशिक रक्तविकारामुळे ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असते, आणि हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकारातही तसेच होते. अशा व्यक्तींचे जेवण लोखंडी कढईत शिजवू नये. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे त्याच विकाराचा सौम्य प्रकार, असलेल्यांचे हिमोग्लोबिनही किंचित कमी दिसते, पण त्याचे कारण लोहाची कमतरता असेलच असे नाही. म्हणून आपण डॉक्टरांना भेटाल तेव्हा फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी, तपासणी झाली आहे का, हे विचारून घ्यावे.